डाव्या बाजूचा हिरवा

त्या काळी बहुतेक मोटारींचे मडगार्ड काळे असत. डॉक्टरांच्या मोटारीचेही काळे असते, तर आज मी रंगाच्या दुकानात बसले नसते, मिल कामगाराची बायको झाले असते. पण ती मोटार सगळीच्या सगळी हिरवी होती, मडगार्डांसकट. स्टेशनाजवळ सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेली बैलगाडी मागे सरकली आणि मोटारीच्या पुढच्या डाव्या मडगार्डाचा चेंदामेंदा झाला. लोहाराने तो ठोकून आकारात आणला. वर रंग द्यायचे काम आमच्याकडे आले.

आम्ही जातीने रंगारी. माझ्या माहेरी लुगडी रंगवत. सासऱ्यांनी मात्र तरुणपणीच कापड सोडले आणि टांगे रंगवायला घेतले. रस्त्यावर दुकान, मागे घर. टांग्याच्या चाकावर त्यांच्यासारखी बारीक रेघ ओढणारा माणूस सोलापुरात दुसरा नव्हता. पण उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या आणि टांगेवाल्यांची भाडी गेली. ज्याच्या घोड्यालाच पोटभर चारा मिळेना, तो टांगा कशाला रंगवील? मामंजींनी एका मिलच्या जॉबरशी, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाशी, बोलून ठेवले होते, मुलाला खात्यात घ्या म्हणून. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मिलचे नावसुद्धा नको होते. हातात कुंचला धरलेला माणूस भोंग्यावर उठायला तयार नसतो.

डॉक्टर भले माणूस. "सगळी गाडी नव्याने रंगवायला महिना जाईल. मला खेड्यांवर जावे लागते. नुसता मडगार्ड करा, पण ठिगळ दिसू देऊ नका," असे सांगून त्यांनी मोटार आमच्या दारात सोडली आणि टांगा बोलावला. टांगेवाला चाबूक उंचावून आम्हाला ओरडून म्हणाला, "बघा! शेवटी डाक्टर आमच्याच टांग्यात!"

मोटार दारात आहे ही बातमी पसरली. ज्याच्या सर्व्हिस मोटारी मोडनिंबाच्या रस्त्याला धावत, तो मालक पान चघळत येऊन उभा राहिला.

"काय पेंटर, घोडं सोडलं का?"

"घोड्यानंच आमाला सोडलं," मामंजी म्हणाले.

"माझ्या गाड्या रोज कुटं ना कुटं घासून येत्यात. नुसती ठिगळं दिसत्यात. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, त्याआधी नीट करायच्या हायत. मंगळवारी बाजाराला येतो. ह्या गाडीवरचा नवा रंग मला वळकू आला न्हाय, तर माझं सगळं काम तुमचं."

"आन् वळकू आला तर?"

"तर पुण्याचे पेंटर हायत की."

तो गेल्यावर मामंजी ह्यांना म्हणाले, "मंगळवारी कळंल. न्हाय जमलं तर बुधवारी जॉबरला भेटायचं. मग तोंड वाकडं करायचं न्हाय." ह्यांनी मान हलवली.

मोटारीचा मूळ रंग सीटखाली जसाच्या तसा होता, आंब्याच्या जून पानासारखा गडद. ह्यांनी तो तंतोतंत बनवला आणि विटका दिसावा म्हणून त्यात सफेदा घातला. टांग्यावर फिका रंग हवा असला की हाच रिवाज. पत्र्याच्या तुकड्यावर लावून पाहिला, तर हिरव्यावर राख फासल्यासारखा दिसला. आणखी सफेदा घातला, आणखी राख.

मी आतल्या दारातून बघत होते. न राहवून म्हणाले, "विटणं म्हणजे पांढरं होणं न्हाय. रंगातलं काहीतरी निघून गेलेलं असतं. काय गेलं ते बघा आणि तेवढं कमी करा."

"तू तव्यावरची भाकरी बघ," आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "तिचा रंग निघून चाललाय."

पण ह्यांनी कुंचला खाली ठेवला आणि विचारले, "काय गेलं असंल?"

मी बेधडक सांगितले की पिवळा गेला. हिरव्या लुगड्यात खाली नीळ असते आणि वर हळद. उन्हाने हळद आधी उडते आणि लुगडे निळसर होत जाते. हे मी लहानपणापासून पाहिले होते. ह्यांनी पिवळा कमी केला. तुकडा वाळला तो मोराच्या मानेसारखा निळा.

मामंजी पोट धरून हसले. "सूनबाई मोटारीला लुगडं नेसवाय निघाली!"

दुपारी रस्त्यावर सामसूम झाल्यावर तेलाची चिंधी घेऊन बाहेर गेले आणि उजव्या मडगार्डाचा वीतभर भाग पुसून काढला. वरचा पांढुरका थर निघाला आणि खालचे खरे अंग दिसले. इथे कापडाच्या उलटे होते. निळा गेला होता आणि पिवळा मागे राहून मळला होता. मग ह्यांना म्हटले, निळा कमी करा, थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती, घाला आणि नखभर काजळी. ओल्या रंगाकडे मी कुणाला बघूच दिले नाही. आमच्या माहेरी ओल्या कापडावरून रंग ठरवणाऱ्याला वेड्यात काढत. प्रत्येक तुकडा घरावरच्या माळवदावर उन्हात वाळवायचा, मग उजव्या मडगार्डाला टेकवून बघायचा. असे बरेच तुकडे झाले, आणि शेवटी एक तुकडा असा टेकला की त्याची कड कुठे संपते ते डोळ्यांना कळेना.

मामंजींनी तो स्वतः लावून पाहिला. "बसला," एवढेच म्हणाले. त्यांच्या तोंडून तेवढे निघणे म्हणजे मिरवणूकच.

ह्यांनी मडगार्ड रंगवला. सगळी मोटार तेलाच्या चिंधीने पुसून घेतली आणि वाळल्यावर शनिवारी तो तिला चढवला. आम्ही सगळे चार पावले मागे सरकलो. डाव्या बाजूला हिरव्या बॉनेटशेजारी तो मडगार्ड आजारातून उठलेल्या माणसासारखा फिकट दिसत होता.

"तुकडा तर बसला व्हता," हे म्हणाले.

"बसला व्हता ना? मग आता डोळ्यालाच काय झालं?" मामंजी चिडले. "मी बुधवारचं सांगून ठेवतो जॉबरला."

त्या रात्री हे धड जेवले नाहीत. मी जेवले. उपाशी राहून रंग जुळत नाही.

रविवारी सकाळी आत्याबाईंचे गुडघे दुखू लागले म्हणून त्यांना ह्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर गर्दी होती. आत्याबाई दवाखान्याच्या भिंतीला टेकून सावलीत बसल्या आणि कुरकुरल्या, "कुटं बसवलंस गं मला, खाली सगळं तेलकट हाय."

मी खाली पाहिले. जमिनीवर तेलाचे काळे ठिपके होते. डॉक्टरांची मोटार रोज उभी राहायची ती हीच जागा. डावी बाजू भिंतीला, उजवी रस्त्याला. भिंत मोटारीच्या पूर्वेला, म्हणजे सकाळभर दवाखान्याची सावली. दुपारनंतर ऊन रस्त्याच्या बाजूने, मावळतीकडून येणार, ते सगळे मोटारीच्या उजव्या अंगावर. डाव्या अंगावर मोटारीची स्वतःचीच सावली. वर्षानुवर्षे एक बाजू भाजून निघाली होती आणि दुसरी आरामात होती.

"आत्याबाई, उठा, घरी चला."

"अगं, औषध?"

"बरं, औषध घेऊन चला." तेवढा वेळ मला फार जड गेला.

घरी येऊन मामंजींना सांगितले, "आपण मडगार्ड चुकीच्या बाजूशी जुळवला. ही गाडी दोन्ही अंगांनी सारखी विटलेली न्हाय. नवा मडगार्ड डाव्या बॉनेटशी जुळवाय पाहिजे."

"आन् उजव्याशी?"

"उजव्याशी न्हाय जुळणार."

मामंजींना ते पटेना. टांग्याच्या धंद्यात पहिला धडा जोडीचा. डाव्या चाकाशी उजवे चाक, डाव्या मडगार्डाशी उजवा. टांगा दिवसभर गावभर फिरतो, ऊन त्याला चारी बाजूंनी सारखे लागते, म्हणून तिथे तो धडा खरा. "जोडीला जोड पायजे," ते म्हणत राहिले. "दोन मडगार्ड दोन रंगाचे? लोक त्वांडात श्यान घालतील."

"मामंजी, गाडीची उजवी आणि डावी बाजू एकदम बघणारा माणूस मला दाखवा."

ते तरातरा उठले. मोटारीच्या डाव्या बाजूला उभे राहिले, मग वळसा घालून उजव्या, मग समोर. समोरून मात्र दोन्ही मडगार्ड दिसत होते. तिथेच मला थोडी भीती होती. पण मधे रुंद बॉनेट आणि पितळी दिवे होते, आणि उजवीकडचा फिकेपणा सगळ्या उजव्या अंगाचाच होता. बराच वेळ उभे राहून ते ह्यांना म्हणाले, "दे एक हात. गडद."

आता तुकडे जास्त करावे लागले नाहीत. निळा थोडा परत घातला, काजळी काढली. एकच पातळ हात, वर रोगण. पौषातली कोरडी हवा आणि सोलापूरचे ऊन, मंगळवारपर्यंत बोट लावण्याइतके वाळले.

मालक बाजार करून आला. मागच्या खेपेला मोटारीचे तोंड धुळीसाठी गोणपाटाने झाकलेले होते, त्यामुळे कुठला मडगार्ड चेपला होता ते त्याने पाहिले नव्हते, आणि आम्हीही सांगितले नाही. त्याने मोटारीला फेरी मारली. डाव्या बाजूला उकिडवा बसून पत्र्यावरून नजर फिरवली. मी दाराआड उभी होते, आत्याबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मालक उठला, समोर आला, मान तिरकी केली आणि उजव्या मडगार्डावर थाप मारली.

"ह्यो! ह्यो नवा. जरा जास्तच विटवलाय, पेंटर. आवो, घाई नडली."

मामंजी सावकाश म्हणाले, "त्यो विलायतेतनं आलेलाच रंग हाय, मालक. आमी त्याला हात लावला न्हाय."

मालक परत डावीकडे गेला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. मग स्वतःच मोठ्यांदा हसला आणि म्हणाला, "घोडं सुटलं म्हणा तुमचं. धाडतो गाड्या." आत्याबाईंनी माझ्या पाठीत एक धपका घातला. लागला, पण चांगला होता.

मामंजी त्या बुधवारी जॉबरकडे गेले, ते नाही सांगायला.

पहिली सर्व्हिस मोटार आली ती लाल, धुळीने माखलेली, एका बाजूने खरवडलेली. ह्यांचा हात सवयीने सफेद्याच्या डब्याकडे गेला आणि मध्येच थांबला. मी डोक्यावरचा पदर सारखा करून पहिल्यांदाच दुकानाच्या पायरीवर आले आणि ड्रायव्हरला विचारले, "भाऊ, गाडी रोज कुटं उभी करता? तोंड कुणीकडं असतं?"

तो बावरून मामंजींकडे पाहू लागला.

"माझ्याकडं काय बघतोस? सांग तिला," मामंजी म्हणाले. "हितं आदी तेच इचारत्यात."