उंडीभाटाचा कागद

कुणी जुना कागद मागायला आलं की आबा आधी त्याला बाकावर बसवत आणि विचारत, "भाटाचा नाव काय? दारात झाड खंयचा?" समोरचा सर्व्हे नंबर सांगू लागला की हात झटकत. "नंबर रवांदे रे. माणूस काय नंबरात रवता?" आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक भाटाला, म्हणजे घरालगतच्या माडांच्या बागेला, नाव असतं. तेवढ्या नावावर आबा कचेरीच्या दप्तरखान्यात शिरत आणि नेमका रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, काढून आणत.

त्यांचा हा दप्तरखाना कॉम्प्युटरवर चढवायला मी आले. कागद शोधायचं पान मीच आखलं: गाव, सर्व्हे नंबर आणि खाली ‘शोधा’. सुटसुटीत! चाचणीसाठी दहा जणांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातात नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. मिनिटाभरात सगळ्यांना कागद मिळाले आणि मला आकाश ठेंगणं झालं. आबा मागे उभे राहून बघत होते.

"गो बाय, गावलेलाच शोधूक दिलंस. हरवलेला घेवन कोण येयत, तेव्हा बघ. भाटाच्या नावाक एक रकानो ठेव."

"आबा, आता तुमच्यासारखं नाही चालत," मी हसले. किती मूर्ख होते मी! अहवाल मुंबईला गेला, पान सुरू झालं, रुमाल जिल्ह्याच्या गोदामात कुलपाआड गेले. आबाही निवृत्त झाले.

दोन वर्षांनी ते आले ते देवबागच्या आपल्या विधवा बहिणीला घेऊन. दिरांनी तिच्या घरावर आणि भाटावर हक्क सांगितला होता. नवऱ्याच्या वाट्याचा जुना कागद सुनावणीत दाखवला तर घर राहणार होतं. त्या कागदावर नंबर नव्हताच, नुसतं दारातल्या उंडीच्या झाडावरून पडलेलं ‘उंडीभाट’ हे नाव लिहिलेलं. नंबरविना ‘शोधा’ दाबलं जाईना.

"तिसऱ्या कपाटात, खालच्या खणात होतो," आबा पडद्यावरच्या नंबराच्या रिकाम्या चौकटीकडे बघत म्हणाले. "माका दिसता गो तो."

बहीण हळूच म्हणाली, "दादा, जगाक कागद काढून दिलंस, आनी माझोच गावना नाय?"

आबांनी चष्मा काढून पुसला.

मी वर मुंबईला लिहिलं, नावाचा रकाना द्या, नाहीतर गोदाम उघडा. तीनदा लिहिलं. अखेर उत्तर आलं: चाचणीत सर्वांना कागद सापडले आहेत, बदलाची गरज नाही. सोबत माझाच अहवाल जोडला होता.

निकाल दिरांच्या बाजूने लागला. बहीण तळेऱ्याला लेकीकडे गेली. आबा पुन्हा कचेरीकडे फिरकले नाहीत, रस्त्यात भेटले तर "बरी मा?" एवढंच विचारत. रागावले असते तर मला सोसलं असतं. गेल्या मे महिन्यात ते गेले.

तो कागद हरवलेला नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे, फक्त नंबराविना बाहेर निघत नाही; मला ठाऊक आहे. कारण कॉम्प्युटरवर चढवायला रुमालातून तो निघाला तेव्हा आबांनी स्वतः त्याची घडी उलगडून तो माझ्या हातात दिला होता. "हो माझ्या भयणीचो. नीट ठेव गो."

मी नीटच ठेवला.