सुकटीचा धूर

आज सकाळी बायकोने तव्यावर सुकट भाजायला घेतली आणि घाईने म्हणाली, "खिडकी लावा आधी, शेजारी काय म्हणतील!" तो खारट, जळका वास जेद्दातल्या आमच्या फ्लॅटभर पसरला आणि मी मनाने थेट माझ्या पहिल्या नोकरीतल्या, अल सुलैच्या लेबर कॅम्पात जाऊन पोहोचलो.

तिथला सुपरवायझर नाशिकचा, म्हणजे आपलाच. एकदा त्याने आमचा तवा सुकटीसकट कचऱ्यात फेकला. "माणसासारखं राहायला शिका. तुम्हा लोकांच्या वासाने साहेबांना मळमळतं."

दापोलीचे हसनचाचा आमच्याच खोलीत राहत. त्या संध्याकाळी ते खोली-खोलीत फिरले. मलबारी, बंगाली, फिलिपिनो, प्रत्येकाच्या सामानात गावची सुकी मासळी होतीच. शुक्रवारी साहेब कॅम्प बघायला आले आणि सगळ्या खोल्यांतले तवे एकदम तापले. सुपरवायझर नाकाला रुमाल लावून दारोदार ओरडत सुटला, "कुणी केलं हे? उद्याच घरी पाठवतो त्याला!"

"मी," चाचा म्हणाले. मग शेजारच्या दारातून "मी". मग पलीकडून. मग मीही म्हणालो. एवढ्या सगळ्यांना घरी कोण पाठवणार? साहेब गाडीत बसून निघून गेले. सुपरवायझर त्या धुरात एकटाच ठसकत उभा राहिला.

तेव्हा वाटलं, उट्टं काढलं. पण त्याने दिलेली लाज अजून माझ्या घरात खिडक्या लावत फिरते आहे. त्याची माफी मला नकोच. तो वास मरेपर्यंत त्याच्या नाकातून जाऊ नये, एवढंच.

मी उठलो आणि खिडकी सताड उघडली.