शैला पासपोर्ट मागायला आली होती

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. तेवीस वर्षं गोदामात स्टोअरकीपर म्हणून काढली. रॅकवर माल आहे तर आहे, नाही तर नाही... मधलं काही नसतं. या सदरातले अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसतच आलोय. तरीही लिहितोय, कारण यात भुताखेतापेक्षा माझी लाज जास्त आहे आणि ती आता एकट्याला सांभाळवत नाही.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली. मी दुबईत, जबल अलीच्या फ्री झोनमध्ये एका ट्रेडिंग कंपनीच्या गोदामावर होतो. पूर्वी बायको शैला आणि मुलगी मृणाल तिथे माझ्याबरोबरच राहायच्या, मृणालची शाळा ऊद मेथाला होती. मग शैलाला कॅन्सर निघाला. दोघी ट्रीटमेंटसाठी मिरजेला, शैलाच्या माहेरी गेल्या. मी फ्लॅट सोडला आणि दुबईतल्याच देरा भागात आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायला लागलो. आजारपण पावणेतीन वर्षं चाललं.

शैला म्हणजे दुसऱ्याचं काम अडलं की स्वतः चपला घालणारी बाई. बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना भाजी कुठे घ्यायची हे दाखवायला हीच पुढे. आमच्या कंपनीत व्हिसाची कामं बघणारे मोईदीनभाई होते, केरळचे. हिच्या व्हिसाच्या मेडिकलला ते तीन तास रांगेत उपाशी उभे होते, तर हिने पर्समधून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढून त्यांच्या हातावर ठेवली. तेव्हापासून ते ऑफिसात मला आधी 'भाभी कैसी है' विचारायचे, मग कामाचं बोलायचे. मला तिचा फार अभिमान वाटायचा. तिला तसं कधी बोललो नाही, ते वेगळं.

आता माझं. गल्फमध्ये राहिलेल्यांना माहीत आहे — तेव्हा बऱ्याच कंपन्या माणसाचा पासपोर्ट आपल्या तिजोरीत ठेवायच्या. सुट्टी मंजूर झाली की सही करायची आणि मग तो हातात मिळायचा. त्यामुळे 'पासपोर्ट कंपनीकडे आहे' हा आम्हा लोकांचा हुकमाचा पत्ता. त्यावर गावाकडचं कुणी काही बोलूच शकत नाही. मी तो पत्ता सहा महिने दर शुक्रवारी टाकत होतो. आणि पासपोर्ट होता माझ्याच बॅगेत, शर्टांच्या खाली.

रिन्यू करून आणला तेव्हा मोईदीनभाईंनीच तो परत घेतला नव्हता. "भाभी बीमार है. अपने पास रखो, जब जाना हो निकल जाओ. मैनेजर को मैं देख लूँगा," म्हणाले होते.

मी गेलो नाही. मला तिला बघवत नव्हतं, एवढंच कारण. आदल्या वर्षी गेलो होतो, तेव्हा केमोनंतर तिला उलट्या होत होत्या. एकदा पातेलं धरलं आणि चहा पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो, तो चार तासांनी परतलो. मिरजेच्या स्टँडवर एसटीच्या पाट्या वाचत बसलो होतो. सुट्टी तीन दिवस बाकी असताना कंपनीने बोलावलंय असं सांगून निघालो. दुबईला विमान टेकलं आणि मला हायसं वाटलं. पैसे वेळेवर पाठवायचो आणि नवऱ्याचं कर्तव्य झालं असं समजायचो.

शुक्रवारी फोन करायचो. शैला दर वेळी विचारायची, "सुट्टीचं काय झालं?"

"अगं, पासपोर्ट अडकलाय. ऑडिट चालू आहे, कुणालाच सोडत नाहीत."

"तुम्ही नीट विचारलंत का? चिडून बोललात तर कोण देईल? मोईदीनभाईंना सांगा की, ते नाही म्हणणार नाहीत."

"त्यांच्याही हातात नाही गं."

"बरं. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. जेवताय ना वेळेवर?"

असं सहा महिने. मग तो मंगळवार आला.

सकाळपासून मी बाहेर डॉकवर एक कंटेनर खाली करून घेत होतो. साडेबाराला ऑफिसात आलो, तर मोईदीनभाई डबा उघडून बसलेले. जरा नाराज दिसले.

"भाभी आ गयी और आपने बताया भी नहीं?"

"कौन भाभी?"

"आपकी वाइफ, और कौन. अभी पौने बारह बजे इधर बैठी थी. मैं बोला बुलाता हूँ, तो बोली नहीं, काम में होंगे."

मी हसलो. म्हटलं, "किसी और को देखा होगा आपने."

"मैं भाभी को नहीं पहचानेगा? बाल एकदम छोटा हो गया, जैसे मक्का में उमरा करके, सिर मुंडाके आया आदमी का होता है. लेकिन वही थी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "बोली, भाईसाब, इनका पासपोर्ट दे दो, इनको मुझसे मिलने आना है, बहुत परेशान रहते हैं. मैं बोला, भाभी, पासपोर्ट तो छह महीने से उन्हीं के पास है."

मी विचारलं, "फिर?"

"फिर कुछ नहीं. बोली, अच्छा. मैं पानी लेने गया, आया तो नहीं थी." ते माझ्याकडे बघत राहिले. "आपने उनको बताया नहीं था?"

मी तसाच गेटवर गेलो. फ्री झोनमध्ये पासाशिवाय कुणी आत येत नाही, नाव लिहून घेतात. त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये एकाही बाईचं नाव नव्हतं. आणि तिथे कोण चालत येणार? मैल न् मैल नुसती वाळू आणि ट्रक.

ऑफिसातून मिरजेला फोन लावला. पंधरा वर्षांच्या मृणालने उचलला.

"आई कशी आहे?"

"आत्ताच उठली, बाबा. थोडी पेज घेतली. फोन देऊ तिला?"

माझ्या तोंडून गेलं, "नको, तिला त्रास नको." खरं तर मी घाबरलो होतो. ती काय बोलेल याची भीती वाटली.

त्या रात्रीच्या मुंबईच्या विमानात जागा होती. निघालो असतो तर बुधवारी दुपारी मिरजेत असतो. पण तिला तोंड कसं दाखवायचं, काय सांगायचं, हे ठरवायला मला एक दिवस हवा होता. मी गुरुवारचं तिकीट काढलं. शैला बुधवारी संध्याकाळी पाचला गेली. मी पोचेपर्यंत तिला थांबवून ठेवलं होतं.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मृणाल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, आय एम सॉरी. मी तुमच्यावर खूप चिडले होते. आईला म्हणाले होते की बाबांना यायचंच नाहीये."

मी उठायला लागलो, तर तिने हाताला धरून बसवलं.

"त्या मंगळवारी आई दुपारी गाढ झोपली होती. दोनला उठली आणि एकदम नीट बोलायला लागली. शी वॉज सो क्लिअर. मला म्हणाली, 'मी तुझ्या बाबांच्या ऑफिसात जाऊन आले.' मला वाटलं, औषधांमुळे बोलतेय. पण म्हणाली, 'मी स्वतः विचारून आले गं. पासपोर्ट खरंच कंपनीने अडकवून ठेवलाय. ते तरी काय करतील? बाबांना कधी बोल लावू नकोस.'"

तिकडचे पावणेबारा म्हणजे इकडचे सव्वा एक. हिशेब जुळतो.

मी पुष्कळ विचार केलाय. मोईदीनभाईंनी माझं फोनवरचं खोटं कधीतरी ऐकलं असेल, आणि मला लाजवायला हे रचलं असेल? शक्य आहे. पण मृणालला शैलाने काय सांगितलं, ते त्यांना कसं कळणार? आणि ते केस... तिचे केस गळाले हे मला ठाऊक होतं. ते परत उगवायला लागलेत, हे मलाच तिरडीजवळ उभा राहिल्यावर कळलं. मोईदीनभाईंना मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनीही नंतर माझ्यापाशी कधी 'भाभी' हा शब्द काढला नाही. वर्षभराने मी दुसरी नोकरी धरली.

ती तिथे कशी आली, हे मला कधी कळेल असं वाटत नाही. खरं सांगायचं तर मला त्याची भीतीही वाटत नाही. मला छळतं ते तिचं परत जाणं. खरं काय ते कळल्यावर ती तेवढ्या लांब परत गेली, आणि उठल्या उठल्या पोरीशी माझ्यासाठी खोटं बोलली. दारावर कुणी आलं तर 'ते घरी नाहीत' एवढंसुद्धा जिला कधी म्हणता आलं नाही, ती.

मृणाल आता दोन मुलांची आई आहे. गल्फचा विषय निघाला की अजून चिडते. "माझ्या बाबांना त्या लोकांनी आईच्या शेवटच्या दिवसांत सोडलं नाही," असं ती चारचौघांत सांगते आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवते. मी तो हात ठेवू देतो.

ती हे सदर दर महिन्याला वाचते. म्हणून खाली माझं पूर्ण नाव छापा, असं संपादकांना कळवलं आहे.