डाव्या चाकाचे वैजिनाथआप्पा

धर्मापुरीच्या वैजिनाथआप्पांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं, रिक्षाचं मागचं डावं चाक बसवलं. पुण्याजवळच्या एका कारखान्यात तीनचाकी रिक्षा बनायच्या. तिथं पट्ट्यावरून सांगाडा सरकत पुढे आला की आप्पांनी डावं चाक चढवायचं, चार नट आवळायचे आणि पुढच्या सांगाड्याची वाट बघायची. पट्ट्याच्या पलीकडे सोलापूरकडचा हरिबा उभा असायचा, त्याच्याकडे उजवं चाक. चोवीस वर्षं दोघं एकमेकांची तोंडं बघत म्हातारे झाले. पुढचं चाक कोण बसवतं हे दोघांनाही माहीत नव्हतं, कारण ते दुसऱ्या शेडमध्ये बसायचं आणि तिकडे जायला साहेबाची चिठ्ठी लागायची.

गावाला या भानगडी कुठल्या ठाऊक? गावाच्या लेखी वैजिनाथ रिक्षा बनवायचा, आख्खी, हॉर्नसकट. यात्रेला गावी आला की पारावर कुणीतरी विचारायचंच, "दिवसाला किती काढता बे?" आप्पा म्हणायचे, "दोनशे तर हायेतच." यात खोटं काही नव्हतं. डावी चाकं दोनशेच व्हायची. पुढचं कुणी विचारलं नाही आणि आप्पांनी सांगितलं नाही. परळीच्या स्टँडवर रिक्षा दिसली की मात्र ते वाकून तिच्या डाव्या चाकाकडे बघत राहायचे. ते आपण बसवलेलं का हे काही ओळखू यायचं नाही, आणि तेच त्यांना आतून सलायचं.

बाकी माणूस गावाचा. चिंचवडला त्यांची दहा बाय दहाची खोली होती, पण तिला धर्मापुरीचं बसस्टँड म्हटलं तरी चाललं असतं. गावातला जो पोरगा दहावीला गचकला, बापाशी भांडला किंवा नुसताच कंटाळला, तो पिशवी घेऊन सरळ आप्पांच्या दारात उभा. आप्पा कुठं चिकटवून देईपर्यंत त्याचा मुक्काम तिथंच. कुणाला स्टोअरमध्ये, कुणाला कँटीनला, कुणाला वॉचमन म्हणून, अशी तीस-पस्तीस पोरं त्यांनी मार्गी लावली. जातपात बघितली नाही. सुंदरराव पाटलांचा रविराज दीड वर्ष त्याच खोलीत लोळला आणि पाटलाचा पोरगा म्हणून भिंतीकडची जागा अडवून बसला. आप्पांची बायको नीलम्मा स्टोव्हपुढे फतकल मारून म्हणायची, "लग्न एकाशी केलं आन भाकरी गावाच्या थापल्या." असं म्हणत ती पुढची भाकरी तव्यावर टाकायची.

शहाण्णव साली कारखान्यात नवं यंत्र आलं. ते चारही नट एका दमात आवळायचं, तंबाखू मळायला थांबायचं नाही आणि युनियनच्या मीटिंगला जायचं नाही. साहेबांनी आप्पांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे सरकवला. चोवीस वर्षांत केबिनमध्ये खुर्ची मिळाली ती पहिल्यांदाच, त्यामुळे आप्पांना चहा येण्याआधीच संशय आला होता. मुलगा केदारनाथ तोवर पुण्यात नोकरीला लागला होता, तो तिथंच राहिला. आप्पा आणि नीलम्मा ट्रंका घेऊन धर्मापुरीला परतले.

गाव वाटच बघत होतं. पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, मिक्सर, टीव्ही, जे बिघडेल ते आप्पांच्या अंगणात यायला लागलं. कंपनीतला माणूस, त्याला काय येत नसेल? आप्पांना नाही म्हणणं जमलं नाही. ते यंत्राला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेरिंग गेली. सटवाकडं न्या." सटवा म्हणजे गावातला वेल्डर. दहापैकी सहा वेळा बेरिंगच गेलेली निघायची, त्यामुळे आप्पांचं नाव घाटनांदूरपर्यंत झालं. टीव्हीत बेरिंग नसते हे सटवाला माहीत होतं, पण गिऱ्हाईक आप्पांच्या पुण्याईनं येत होतं, मग तो कशाला तोंड उघडतो?

आता या गोष्टीतली मुख्य भानगड. आप्पांच्या लिंगायत समाजात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, हारबीर घालून त्याला खुर्चीसारख्या सजवलेल्या डोलीत बसवतात, गावातून मिरवत नेतात आणि बसलेलाच मातीआड करतात. त्या डोलीला विमान म्हणतात. विमान खांद्यावर न्यायचं असतं, आणि अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात पंडितआप्पा गेले तेव्हा गावात समाजाचे जे खांदे उरले होते ते सगळे साठीच्या पुढचे होते. त्यात पंडितआप्पा शंभर किलोंचे, आणि मेल्यावर माणूस काही हलका होत नाही. ओढ्याच्या चढाला पुढच्या एका खांदेकऱ्याचा पाय घसरला, विमान कललं आणि पंडितआप्पा कीर्तनात डुलकी लागल्यासारखे पुढे झुकले. जंगमस्वामींनी मंत्र अर्धवट टाकून त्यांना मिठी मारली म्हणून निभावलं. ज्यांचा पाय घसरला ते आप्पांचे सख्खे थोरले भाऊ, अमरनाथ. पेठेत त्यांचं किराणा दुकान.

तिसऱ्या दिवशी आप्पा दुकानात गेले. "आण्णा, विमानाला चाकं लावू. मी बनवतो गाडी."

पाय घसरल्याची लाज अजून अमरनाथांच्या अंगातून उतरली नव्हती. ते म्हणाले, "मढं काय ज्वारीचं पोतं हाय का गाड्यावर न्यायला? खांदा देणं धर्म हाय."

"धर्म हाय, पर खांदे कुठं हायेत?"

"ते तूच नेलेस की. एकेक पोरगं उचलून खोलीत झोपवलंस, भाकरी चारलीस, तिकडंच चिकटवलंस. आता खांदे न्हाईत म्हणून चाकं लावतो म्हणतो. त्या गाडीला मी बोट लावणार न्हाई. आन तुझा उंबरा बी चढणार न्हाई."

हे बोलणं आप्पांना फार लागलं, कारण ते खरं होतं. ज्या कामाचा त्यांना अभिमान होता त्याच कामानं गावातले खांदे संपले होते. ते मान खाली घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी परळीच्या भंगारातून एक मोडकी रिक्षा ट्रॅक्टरला बांधून आणली.

चार महिने काम चाललं. सटवानं वेल्डिंग तेवढं केलं, बाकी सगळं आप्पांनी स्वतःच्या हातानं. टेकायला पाठ केली, हातांना दांड्या केल्या, देह सावरायला पट्टा केला, हार अडकवायला हुक केले, मागे ढकलायला दांडा केला. डावं चाक अर्ध्या मिनिटात बसलं. उजव्याला आणि पुढच्याला दोन दिवस लागले, पण बसली. भगवा रंग दिला. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा आप्पा तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले. आयुष्यभरात लाखांनी रिक्षा हाताखालून गेल्या, पण ही माझी, असं एकीलाही म्हणता आलं नव्हतं. ही आख्खी त्यांची होती, आणि ती गावाच्या कामी यावी, एवढं एकच मागणं त्यांचं उरलं होतं.

पण मरायला कुणी तयार होईना, निदान तिच्यात बसून जायला तरी. पुढच्या सव्वा वर्षात समाजातली तीन माणसं गेली. पहिल्या घरानं सांगितलं, पहिला मान आमचा नको. दुसऱ्या घरातला पोरगा म्हणाला, "आमच्या आईला गाडी लागायची, आप्पा." तिसऱ्यांनी नांदूरघाटचे पाहुणे बोलावून खांदेकरी जमवले. मेलेले बसत नाहीत तर जिवंतांच्या तरी कामी यावी म्हणून आप्पांनी ज्वारीची पोती वाहायला गाडी देऊ केली, तर लोक दोन पावलं मागं सरले. मढ्याच्या गाडीतलं धान्य कोण खाणार? शेजारची कोंबडी तेवढी बिनधास्त. ती गाडीत अंडी घालू लागली, पण शेजारणीनं ती अंडी घेतली नाहीत. आप्पा रोज सकाळी फडकं मारायचे आणि डाव्या चाकाचे चारही नट तपासायचे. न चालणाऱ्या गाडीचे नट ढिले कशानं होणार, पण हाताला दुसरं काही येत नव्हतं. हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं. कुणी मोटर आणली तर कान न लावताच म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं." नीलम्माला या बोलण्याची भीती वाटली. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं खरं बोलायची ही पहिलीच वेळ होती.

दोन हजार सालचा श्रावण आला. पहिल्याच सोमवारी नीलम्मानं कपाळाला भस्म लावलं, रुद्राक्ष घातले, मग मांडीवर झेंडूचा हार आणि बेलाचं ताट घेऊन ती ओसरीवर बसली. गावाबाहेरच्या केदारेश्वराला ती चार वर्षांत गेली नव्हती. स्टोव्हपुढे बसून बसून गुडघे कामातून गेले होते.

"गाडी काढा," ती म्हणाली.

"कोणती?"

"तुमी बनवलेली. दुसरी कोणती हाय घरात?"

"अगं, ती मढ्याची हाय."

"आज ना उद्या बसायचंच हाय तिच्यात. आधी बसून बघते, टोचते का. तवा मला सांगता येणार न्हाई."

आप्पांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण नीलम्मापुढे त्यांचं कधी चाललं होतं? तिला उचलून बसवलं. ते पट्टा बांधायला लागले तर म्हणाली, "राहू द्या, मी पळून जात न्हाई." हार गुडघ्यावरून घसरायला लागला तसा तिनं गळ्यात घातला, देवाचा असला म्हणून काय झालं. पेठेत वाऱ्यानं धूळ उडत होती, म्हणून पदर डोक्यावरून घेऊन तिनं डोळे मिटले. आप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि खालमानेनं ढकलायला सुरुवात केली.

आता गावानं काय बघितलं ते बघा. भगवं विमान, त्यात भस्म लावून, हार घालून, डोळे मिटून बसलेली नीलम्मा, आणि मागं एकटा, घामानं डबडबलेला तिचा नवरा. न्हाव्यानं अर्धी दाढी सोडून हात जोडले. हॉटेलवाल्यानं टेपवरचं गाणं बंद केलं. सुंदररावांच्या पाटलीणबाई ओट्यावरून उतरल्या, परातीतली फुलं नीलम्माच्या पायावर टाकून गळा काढला आणि म्हणाल्या, "माझ्या रविराजला दीड वर्ष जेवू घातलंस ग माय." आप्पा सांगायला तोंड उघडत होते, पण दम लागलेला, शब्द फुटेना. नीलम्माला सगळं ऐकू येत होतं. पण आपल्याबद्दल गाव एवढं चांगलं बोलतंय हे ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती, तेव्हा तिनं डोळे उघडायची घाई केली नाही.

गाडी किराणा दुकानासमोर आली तसं मयताच्या रीतीप्रमाणे शटर अर्धं खाली आलं. मग त्याखालून वाकून अमरनाथ बाहेर आले. पायात चपला नव्हत्या. धावत येऊन त्यांनी गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"नीलम्मा, दोन वर्षं तुमच्या हातचं पाणी प्यालो न्हाई ग मी. ह्या वैजानं मला कळवलं बी न्हाई. एकटा घेऊन निघाला. मी काय मेलो होतो का?"

नीलम्मानं डोळे उघडले. "भावजी, रडता कावून? मागून हात लावा की जरा. पुढं चढ हाय, ह्यांच्यानं निघत न्हाई."

पाटलीणबाई मटकन खाली बसल्या. अमरनाथांनी भावजयीकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"दुकान उघडं हाय माझं," ते पुटपुटले.

"अर्धं लावलंत की," नीलम्मा म्हणाली.

अमरनाथांनी दांडा सोडला नाही. दोघा भावांनी ओढ्याच्या चढाला गाडी लावली, जिथं आण्णांचा पाय घसरला होता तिथंच. या वेळी कुणाचा पाय घसरला नाही. चढ संपल्यावर आण्णा धापा टाकत थांबले आणि दोन वर्षांनी भावाशी बोलले.

"वैजा, ह्ये उजवं चाक लई कोकलतंय बे."

"हां."

"डावं मात्र गुमान चालतंय. डावं कुणी बसवलं?"

"मीच."

"आन उजवं?"

आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. नीलम्माशिवाय कुणी ऐकायला नव्हतं. "ते बी मीच, आण्णा. पर कंपनीत मी डावंच बसवायचो. चोवीस वर्षं. रिक्षा बनवत नव्हतो मी. निस्तं डावं चाक."

अमरनाथ गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. बोट लावणार नाही म्हटलेल्या गाडीच्या डाव्या चाकावर त्यांनी पंजा ठेवला, ते फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं. चाक जागचं हललं नाही.

"बेस बसवायचास," ते म्हणाले. "लई बेस बसवायचास."

हे आप्पांना कारखान्यात कुणी म्हटलं नव्हतं आणि गावातही नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, ते बघून आण्णांना पुन्हा भरून आलं, आणि विमानात बसलेल्या नीलम्मानं मागं वळून दोघांकडे पाहिलं.

"आता रडू नका दोघं बी," ती म्हणाली. "लोक परत हार घेऊन येतील."