डब्याऐवजी पिशवी

नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो. हे रोज सकाळी गेटवर जाऊन यायचे आणि मग दिवसभर खिडकीशी उभे. घरात माणूस असा नुसता उभा असला की मला काही सुचत नाही. शेवटी मी मालवणी मसाला करून विकायचं ठरवलं. दोन बांगड्या मोडल्या, मिरच्या-धणे आणले, गच्चीवर वाळवले, डंकावर कुटून घेतले. आमचा अख्खा मजला शिंकला, तीच माझी जाहिरात.

पहिल्याच दिवशी शेजारणी आल्या. घरातले सगळे स्टीलचे डबे काढून मी त्यातून मसाला दिला. "किती द्यायचे गं?" समोरच्या वहिनींनी विचारलं. भाव ओठांवर आला होता. पण ही बाई माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्यासाठी राबली होती. तोंडातून निघालं, "अहो, घरचंच आहे. बघू नंतर."

नंतर डबे परत आले. आमच्याकडे डबा रिकामा परत करायची रीत नाही. एकीने साखर घातली होती, एकीने लिंबं, वहिनींनी शंकरपाळी. मुलं खूश! मी मात्र ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. बाहेर चपला वाजल्या की वाटायचं, आली कुणीतरी पैसे द्यायला. ती यायची आणखी मसाला मागायला. त्यांचा नाही, माझाच मला संताप यायचा. भाजीवालीशी चार आण्यांसाठी हुज्जत घालणारी मी, आणि आपल्याच मालाचा भाव सांगताना जीभ टाळ्याला चिकटत होती.

"बांगड्या देऊन शंकरपाळी घेतलीस," हे म्हणाले. "वाट लागली ना धंद्याची?"

माझं डोकंच फिरलं. बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या, उरलेला मसाला त्यात भरला, करवतीच्या जुन्या पात्यात धरून मेणबत्तीवर तोंडं चिकटवली. बोटं भाजली. पण पिशवी परत येत नाही, आणि तिच्यातून साखरही येत नाही.

वहिनी आल्या तशी मी पिशवी पुढे केली. "बारा रुपये, वहिनी." आवाज भांडायला उठल्यासारखा लागला.

त्या पिशवीकडे बघत राहिल्या. "पिशवीत? मला?"

मग घरी जाऊन पैसे घेऊन आल्या, माझ्या हातावर ठेवले आणि गेल्या. त्यांच्या मागे धावत जावं, पैसे परत द्यावेत असं फार वाटलं. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

धंदा लागला. घाटकोपर, विक्रोळीपर्यंत पिशव्या जायला लागल्या. पोचवायला हेच जायचे, त्यामुळे खिडकी सुटली. भाव आधी सांगायचा, माल नंतर काढायचा, हे अंगवळणी पडलं. कुणापुढेही जीभ अडायची नाही.

दिवाळी आली. दरवर्षी वहिनींकडून फराळाचं ताट यायचं, वर क्रोशाचा रुमाल. ताट परत करताना त्यात माझे लाडू जायचे, आणि तासभर त्यांच्या दारात गप्पा. त्या वर्षी त्यांची मुलगी आली. "आईने दिलंय," म्हणाली आणि पळाली.

शंकरपाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. तोंड मेणबत्तीवर नीट चिकटवलेलं.

लाडू झालेले होते. मी पिशवी हातात घेऊन पुन्हा ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिले. परत करायला वहिनींनी काही ठेवलंच नव्हतं.