कुंपणातलं गवत

सन एकोणीसशे चौतीस. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. वय आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पोरवयात झालं असेल असं कोणी म्हणायला नको. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. शाळा दुसरीपर्यंतच झाली होती, पण वाडीत कागद वाचता येणारे आम्ही तिघंच. त्यामुळे गावकी बसली की माझा शब्द जरा जड पडायचा, आणि तो जड पडतो हे मला पक्कं माहीत होतं.

आमची वाडी महाड आणि पोलादपूर यांच्या मधल्या डोंगरात. खाली भाताची खाचरं, मध्ये घरं, घरांच्या वर गुरांचा माळ. नाव माळ, पण जागा उताराची. चार महिने तिथं पावसाचा मारा आणि उरलेले आठ महिने कोरडाठाक मुरूम. तरी त्या माळावर पवना गवत कमरेला लागायचं. मधे मधे करवंदीच्या जाळ्या, एकेक जाळी झोपडीएवढी. जाळीला कोयता लावायचा नाही, असा वाडीचा रिवाज. का, ते कोणी सांगत नसे. विचारलं तर उत्तर एकच, "नाय लावायचा म्हंजे नाय लावायचा."

माझं डोकं असल्या उत्तरानं फिरायचं.

दोन वर्षं आधी राबाची अडचण झाली होती. भाताचं रोप जिथं पेरायचं तिथं पाला, काटक्या, शेण अंथरून जमीन भाजतात, त्याला आमच्यात राब म्हणतात. त्या साली राबाला पाला पुरेना. ऐनाच्या फांद्या तोडून तोडून झाडं खराट्यासारखी झालेली. गावकी बसली. माझे थोरले चुलते गावकीचे प्रमुख, त्यांना सगळे आबा म्हणायचे. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "माळावरच्या जाळ्या कशाला राखल्यात? निम्मा माळ त्यांनी खाल्लाय. तोडा. राबपण होईल आणि जाळीच्या जागी गवतपण येईल."

आबा म्हणाले, "अरं, पन रिवाज हाय ना."

"रिवाज खाऊन गुरांचं पोट भरतंय काय, आबा?"

लोक हसले. हसले, तिथंच ते माझे झाले.

एक म्हातारा धनगर तेवढा हसला नाही. तो आमच्या वाडीचा नव्हता. वर डोंगराच्या पठारावर त्याचं एकट्याचं घर, सोबत विधवा लेक. चार म्हशी आणि वीसेक शेरडं. पावसाळ्यात तो वर असायचा. दिवाळी झाली की वरचं पाणी आटायचं, मग शेरडं घेऊन आमच्या माळावर उतरायचा. त्याच्या बापापासून हे चालत आलेलं. रात्री शेरडं आमच्या शेतांत बसवायचा, त्या लेंड्यांचं खत आम्हाला, आणि त्याला आमच्याकडून भात. गावकीत तो कडेला, चपला काढून बसायचा.

तो म्हणाला, "दादा, जाळी म्हंजे गवताची कणगी. बाहेरचं गुरं खात्यात. आत काटं, तिथं तोंड जात नाय. तिथलं गवत पिकतं, बी पडतं, तिथनंच माळभर जातं. कणगी फोडून राब कोन करतं?"

"मामा, तुमची शेरडं करवंदीचा पाला खातात. तुमचा पाला जाईल, म्हणून कणगी आठवली होय?"

पुन्हा हशा. म्हाताऱ्यानं चपला उचलल्या आणि गेला.

आठ दिवसांत आम्ही माळ साफ केला. पहिला कोयता माझा. एकच जाळी राहिली, ती राखणदाराची. तिच्या पोटात शेंदूर लावलेला देवाचा दगड होता, तिला हात लावायची माझीसुद्धा छाती झाली नाही.

पहिल्या पावसाळ्यात गवत चांगलं आलं. मी वाडीभर मान वर करून फिरलो. धनगर भेटला तेव्हा मुद्दाम विचारलं, "काय मामा, कणगी फुटली, दाणे कुठनं आले?" तो म्हणाला, "औंदाचं गवत गेल्या सालच्या बियाचं, दादा. फुडलं बघू."

पुढच्या साली गवत घोट्याएवढं आलं, तेही ठिपक्या ठिपक्यांनी. पाणी माळावरून तांबडं होऊन धावायचं आणि खाचरांत मुरूम आणून टाकायचं. जाळ्यांच्या जागी नुसता टाकळा माजला. टाकळा माणसं भाजीला खातात, गुरं वास घेऊन पुढं जातात. माघ महिन्यात लोकांनी भाताचा पेंढा मोजून घालायला सुरुवात केली. गाईंची हाडं वर आली. आणि बायका पाणवठ्यावर माझं नाव घ्यायला लागल्या. समोर कोणी बोललं नाही, पण मी गेलो की गप्प व्हायच्या.

त्या वेळी मी खरं बोललो असतो तर चारचौघांत हसं झालं असतं, बस. त्याहून जास्त काही नाही. पण मी गावकीत उठलो आणि म्हटलं, "वीस शेरडं मुळासकट खातात. माळ शेरडांनी मारला. धनगराला माळावर उतरू देऊ नका."

लोकांना ते पटलं. पटणारच. कोयते सगळ्यांनीच चालवले होते.

धनगर हात जोडून म्हणाला, "आबा, वर पानी नाय. इथं उतरलो नाय तर शेरडं इकावी लागतील. लेकीचं त्यावरच हाय. येक इनंती आयका. माळावर चार खाटा मावतील येवढ्या जागेला काट्याचं कुंपन घाला. पावसाळाभर आत शेरडू नको, गाय नको. गवत आलं तर माळ माझ्या शेरडांनी मारला, मी परत उतरनार नाय. नाय आलं तर आत बीच नाय, मग शेरडांचा काय गुन्हा?"

आबांना ही गोष्ट सरळ वाटली. म्हणाले, "दसऱ्यानंतर बघू." कुंपणावर नजर ठेवायचं काम त्यांनी मला दिलं. वाचता येणारा माणूस, चुलत्याचा विश्वास.

तर हे चौतीस साल. मृगाच्या आधी मी स्वतः कुंपण घातलं. आषाढ लागला, आणि आत काय आलं? टाकळा. चार-दोन काड्या गवत. बाकी धुऊन निघालेला मुरूम, त्यावर खडे उघडे पडलेले. मी रोज वर जायचो आणि त्या काड्या मोजून खाली यायचो. शेरडू आत गेलं नव्हतं, गाय गेली नव्हती. ती जागा नागडी होती आणि तिला नागडी मी केली होती.

राखणदाराच्या जाळीत मात्र गवत उभं होतं. जाळीच्या बुडाशी शेरडं वर्षानुवर्षं अंग घासत आलेली, लेंड्यांचा थर पडलेला, तरी काट्यांतून पवना वर निघालेला. मी वाकून आत हात घातला. माती काळी, भुसभुशीत, ओली. मूठभर उचलली तर तिच्यात गवताचं बी हाताला लागत होतं. शेरडं खात नव्हती असं नाही. ती आधीपासूनच खात होती, तरी माळ हिरवा होता. म्हाताऱ्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते त्या दिवशी माझ्या मुठीत होतं.

मूठ घेऊन आबांकडे जायला हवं होतं. मी टोपली आणायला घरी गेलो.

लावणीचे दिवस, सगळी वाडी खाचरांत. भर दुपारी, पावसाच्या झडीत, पाठीवर इरलं घेऊन मी देवाच्या जाळीखालची माती खरवडली. हात काट्यांनी फाटले. सात टोपल्या माती कुंपणात नेऊन पसरली. टाकळा उपटून टाकला. वर जुनं गवत अंथरलं, पावसानं वाहून जाऊ नये म्हणून. जाळीपुढं नारळ ठेवायचंही सुचलं नाही.

घरी आलो तर बायकोनं टोपली उचलून बघितली. "ही माती कुठली वो? आपल्या शेताची नाय. करवंदीचा पाला चिकटलाय हिला."

"तुला काय करायचंय? रोपं बघ तुझी."

ती टोपली धुवायला घेऊन गेली. पुन्हा विचारलं नाही.

पंधरा दिवसांत कुंपणात हिरवं आलं. भादव्यात गुडघ्याला लागलं. लोक वर येऊन बघून जायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे. एकानं तर म्हटलं, "तुझं डोकं म्हंजे वकिलाचं डोकं." मी थाप घ्यायचो.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी वाडीतले बाप्ये माळावर जमले. आबा काठी टेकत आले. वरून धनगर उतरला, खांद्यावर घोंगडी. कुंपणापाशी आला आणि थबकला. गवत कमरेला, तुऱ्यावर आलेलं. बाहेर सगळा मुरूम.

"बघ," आबा म्हणाले. "आत आलंय. बाहेर नाय."

"जरा आत जाऊ काय?"

"जा."

काटा बाजूला सारून तो आत गेला, खाली बसला आणि दोन हातांनी गवत बाजूला केलं. मी कुंपणाला लागूनच उभा होतो, म्हणून मला दिसलं. गवताच्या बुडाशी करवंदीची बोट बोटभर रोपं उगवली होती, मिरचीच्या वाफ्यात असावीत तशी दाट. जाळीखाली पडलेल्या करवंदांचं बी त्या मातीतून आलं होतं. उघड्या मुरमात अशी रोपं कधी कोणी बघितली नव्हती. पावसाळाभर मी रोज वर जायचो, पण गवत बघायचो. बुडाशी बघितलंच नव्हतं.

म्हाताऱ्यानं एक रोप उपटलं. मुळाला काळी माती चिकटलेली. चिमटीत चोळली, नाकाशी नेली. मग मान वळवून राखणदाराच्या जाळीकडे बघितलं. जाळीचं बूड खरवडल्याची जागा अजून दिसत होती. मग माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, आता बोलला. आता ते रोप सगळ्यांना दाखवणार.

त्यानं रोप घोंगडीच्या घडीत ठेवलं आणि उठला. "गवत आलंय, आबा," तो म्हणाला. "मी बोललो व्हतो, आलं तर परत येनार नाय. आलंय. आता उतरनार नाय."

लोक खूश झाले. कोणी म्हणालं, "शब्दाला पक्का हाय म्हातारा." सगळे बोलत बोलत खाली निघाले. मी मागं राहिलो. का राहिलो ते मला सांगता येत नाही. तो कुंपणाचा काटा जिथल्या तिथं लावत होता.

"मामा," मी म्हटलं, "बोलला का नाय?"

"काय बोलू? तुझा चुलता तिथं उभा. म्हातारा मानूस, त्याच्या तोंडावर त्याच्या पुतन्याला चोर म्हनू?" काटा नीट बसला का ते त्यानं हलवून बघितलं. "चुकनं येगळं, दादा. जाळ्या तोडल्यास, ती चूक. समदी चुकत्यात. पन ही माती उचललीस तवा तुला म्हाईत व्हतं. बी कुठं हाय, ते हाताला कळल्यावर केलंस तू हे."

तो वर चढायला लागला. चालीत घाई नव्हती.

घरी आलो. दारात दोघं-तिघं बसले होते, त्यांनी पुन्हा वकिलाचं डोकं काढलं. मी त्यांना हसून वाटेला लावलं. बायकोनं ताट वाढलं. मी ताटाकडे बघत बसलो.

"जेवा की," ती म्हणाली. "हरलेला तिकडं डोंगरावर उपाशी बसला असंल. जिंकल्यानं तरी जेवावं."

तिला टोपली धुतल्या दिवसापासून माहीत होतं. तीन महिने माझ्यासमोर भाकरी ठेवताना तिला माहीत होतं. ती लाज वेगळीच. गावापुढची लाज माणूस दडपून नेतो. घरातली कुठं नेणार? म्हटलं तर ती एकच वाक्य बोलली. त्या वाक्याला आज चाळीस वर्षं झाली, आणि ताट समोर आलं की अजून कधी कधी हात थांबतो.

मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तसा मी डोंगर चढलो. त्याची लेक अंगणात शेण लावत होती. तिनं मला बघितलं आणि पाठ फिरवली. म्हातारा शेरडं मोजत उभा होता. कोणती आधी विकायची, ते बघत असणार.

"मामा, खाली चला," मी म्हटलं. "आबांसमोर, वाडीसमोर सांगतो. माती मी टाकली म्हणून सांगतो."

त्यानं मोजणी पुरी केली. मग म्हणाला, "तूच सांग. मला कशाला नेतोस?"

"तुम्ही नसलात तर मी वाटेत बदलेन."

हे मात्र मी अगदी खरं बोललो.

त्यानं घोंगडीतून ते करवंदीचं रोप काढलं. रात्रभरात सुकलं होतं, मुळाची काळी माती अजून चिकटून होती. ते त्यानं माझ्या हातात दिलं, शेरडांचा वाडा उघडला आणि तोंडानं आवाज काढला. शेरडं उतारावर धावली. तो पुढं, मधे शेरडं, आणि त्यांच्या मागून, त्यांची धूळ खात, मी ते रोप मुठीत धरून वाडीत उतरलो.