मृतांनी उठू नये

आमच्या वहिनीचा पाय आजवर एकोणीस वेळा मोडलाय. हात अकरा वेळा, डोकं सहा वेळा, आणि एकदा तर ती गरोदर बाई म्हणून ढिगाऱ्याखाली सापडली, वय वर्षं बावन्न असताना! आपत्कालीन कार्यालयाच्या रंगीत तालमीत असलं सगळं चालतं. भूकंप झाला, आग लागली, साथ पसरली असं समजायचं. साहेब शिट्टी वाजवणार, जवान धावणार, आणि आमच्यासारखी जी फुकट मिळतात ती माणसं मैदानात पडून कण्हणार. वस्तीत तिला सगळे जखमीबाई म्हणतात. भाजीवालासुद्धा पिशवीत वांगी टाकता टाकता विचारायचा, "बाई, आज काय मोडलंय?"

ती माझ्या भावाची बायको. घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. म्हणजे शिवायची. मी त्याच शाळेच्या कचेरीत कारकून, लग्न केलं नाही, दादा-वहिनीबरोबरच राहते. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, तरी ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिला अगं-तुगं करते. कुणी टोकलं की वहिनीच म्हणते, "राहू द्या हो, मान दिला की त्या भांडी घासतात."

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते समोरच्या इमारतीला आग लागली तेव्हापासून. आमच्या बाजूच्या जिन्याचं दार आत ओढायचं होतं आणि धुरात अडकलेले लोक ते बाहेर ढकलत राहिले. चार माणसं गेली. वहिनीनं आमच्या खिडकीतून ते दार हलताना बघितलं. नंतर कितीतरी दिवस ती एकच वाक्य बोलायची, "ओढायचं होतं एवढंच, कुणी सांगितलं असतं तर!" मग सांगायचं काम तिनेच घेतलं. साथीच्या दिवसांत दारोदार जाऊन पाणी उकळा, टाक्या झाका, ताप अंगावर काढू नका. मला बरोबर ओढायची. लोक दार अर्धं उघडून "हो हो" म्हणायचे आणि आमचा पाय जिन्यावर पडायच्या आत कडी लावायचे. एका घरात तर आम्ही दिलेला सूचनांचा कागद घेतला आणि आमच्यासमोरच त्यावर मुलाचं नाक पुसलं. मी घरी येऊन चप्पल भिरकावली. म्हटलं, मरू देत, आपल्याला काय पडलंय? वहिनी म्हणाली, "नाक पुसलं ना? म्हणजे कागद घरात गेला."

तालमीतही तिचं तेच. स्ट्रेचरचा पट्टा तुटलाय, मागच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच ठाऊक नाही, असं ती दरवेळी साहेबांना सांगायची. साहेब "नोंद घेतली" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. एकदा ती म्हणाली, पडलेल्यांपैकी कुणाला खरंच काही झालं तर काय बोलायचं ते आधी ठरवून द्या. साहेब हसले. "बाई, खरंच काय होणार आहे? ॲम्ब्युलन्स तर उभीच असते!"

सांगून सांगून माझी जीभ झिजली, वहिनीची नाही.

गेल्या वर्षीची तालीम आमच्याच शाळेच्या मैदानावर होती. विषय भूकंप. मी आदल्या दिवशीच हात टेकले होते, येणार नाही म्हटलं होतं, पण तिनं माझा डबा भरून ठेवला आणि मी आपली मुकाट्यानं गेले. तिथे प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचतात. चिठ्ठीत लिहिलंय तेच आपल्याला झालेलं असतं, आणि ती वाचून जवान मनगटाला पट्टी बांधतात. लाल म्हणजे तातडीनं न्या, पिवळी म्हणजे थांबेल, हिरवी म्हणजे चालता येतंय, काळी म्हणजे संपलं. वहिनीच्या चिठ्ठीत होतं, "उजवा पाय मोडला. शुद्धीवर. श्वास ठीक." म्हणजे पिवळी. माझ्या चिठ्ठीत एकच शब्द, "मृत."

मला बरं वाटलं. मेलेल्याला काम नसतं. फक्त हलायचं नाही, बोलायचं नाही. मागच्या खेपेला एका मेलेल्या माणसानं, तालीम बघायला मंडपात बसलेल्या पाहुण्यांसमोर पोटरी खाजवली, तर साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

दोन हातांवर वहिनी पडली होती. मैदानात पडल्या पडल्या मला हसवणं हा तिचा जुना उद्योग. मी मेलेली असले की ती मुद्दाम कण्हता कण्हता काहीतरी पुटपुटायची. "अगं आई गं, गॅसवर दूध राहिलं गं," असलं काहीतरी. आणि मी ठार मेलेली असून फुटायची बाकी असायची.

शिट्टी झाली. आरडाओरडा सुरू झाला. मी डोळे मिटून, मान तिच्याकडे करून पडले. ऊन चढलं होतं. पट्ट्या बांधणारा जवान तिच्याकडे आल्याचं मला बुटांच्या आवाजावरून कळलं.

"छातीत दुखतंय," वहिनी म्हणाली.

"मावशी, चिठ्ठीत पाय लिहिलाय. पायाचं ओरडा."

"नाही रे बाबा, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालंय."

"एक नंबर!" जवान हसला. "पाहुणे इकडेच बघतायत, चालू द्या." पिवळी पट्टी बांधून तो पुढे गेला. मंडपातून टाळ्या आल्या.

मग तिनं हाक मारली. "वन्सं."

मी मनात म्हटलं, झालं, सुरू झाली बया!

"वन्सं, अहो, खरंच."

खरंच हा शब्दही तिनं आधी वापरला होता. आग लागल्याच्या तालमीत "खरंच हो, माझी चोळी जळतेय" म्हणून तिनं मला इतकं हसवलं होतं की माझा उचकीनं जीव जायची वेळ आली होती. ते आठवलं आणि मला आणखीच हसू यायला लागलं. मी श्वास रोखून धरला. तिसऱ्यांदा ती नुसती "व..." म्हणाली. मी तरीही पडून राहिले. आता उठले तर साहेब झापतील, पाहुणे हसतील, तिला तेच हवंय, असं मला वाटत होतं. देवाशपथ, तेवढंच वाटत होतं.

मग ती गप्प झाली. आमची वहिनी आणि गप्प! डोळे उघडले तर ती राखेसारखी पांढरी पडलेली, कपाळावर घामाचे थेंब, ओठ निळसर.

मी ताडकन उठले. "अहो, ही खरी आजारी आहे! खरी!"

लाउडस्पीकरवरून साहेबांचा आवाज आला, "मृतांनी उठू नये. कृपया मृतांनी आपापल्या जागी पडून राहावं."

मैदानभर हशा पिकला. मी तिच्या छातीवरची चिठ्ठी ओरबाडून काढली, पट्टी बांधणाऱ्याची कॉलर धरली आणि आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या त्याला दिल्या. त्या ऐकून बहुतेक त्यांना खरं वाटलं. ॲम्ब्युलन्स चाळीस पावलांवर उभी होती. सगळा वेळ तिथेच उभी होती.

वहिनी वाचली. पण डॉक्टर म्हणाले, हृदयाचा एक भाग कामातून गेला, थोडं आधी आणलं असतं तर इतकं झालं नसतं. आता ती दोन जिने चढू शकत नाही म्हणून खाली उतरतच नाही. मशीनवर चादर टाकलीय. भाजीवाला माझ्याकडे तिची चौकशी करतो, पण काय मोडलंय असं आता विचारत नाही. कार्यालयाच्या अहवालात लिहून आलं, तालीम यशस्वी, एका स्वयंसेविकेस किरकोळ अस्वस्थता.

आणि मी? मी झाले देवदूत! दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "ही शेजारी होती म्हणून, नाहीतर आटोपलंच होतं." वहिनी उशीला टेकून मान डोलावते, म्हणते, "हाक मारली आणि उठल्याच बघा." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात आणि मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात पळते. हे वर्षभर चाललंय. तिला अंघोळ घालते, गोळ्या देते, पथ्याचं करते, आणि प्रत्येक "तुझ्यामुळे" ऐकताना माझ्या जिवाचं पाणी होतं. तिच्यासाठी कष्ट काढायला मी थकत नाही. त्या एका शब्दानं मात्र पार थकले.

गेल्या आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं. पुढच्या तालमीत प्रसंगावधानाबद्दल माझा सत्कार. शाल, नारळ आणि दोन शब्द बोलायचे. दादा कामावर गेला होता. मी पत्र वहिनीच्या पांघरुणावर ठेवलं आणि म्हटलं, "मी जाणार नाही. तू एकदा हाक मारली नव्हतीस. तीनदा मारली होतीस. तिन्ही मला ऐकू आल्या होत्या."

ती पत्राची घडी उलटसुलट करत राहिली.

"मला वाटलं तू हसवतेयस," मी म्हटलं. "मी पडून राहिले, वहिनी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही ओठ चावत होतात, हसू येऊ नये म्हणून. गाल थरथरत होते तुमचे."

मी तिच्या पायाशी बसले. "मग वर्षभर सगळ्यांना का सांगत सुटलीस, उठल्याच बघा म्हणून?"

वहिनीनं दम घेतला. आता तिला चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो.

"मग काय सांगू?" ती म्हणाली. "आपल्याला दोघींना याच घरात राहायचंय ना?"